बुन्याचा डावा डोळा

त्या काळात आमच्या घरात दोघे जण घोरायचे. एक बाबा आणि दुसरा बुन्या. बाबा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकावर रात्रपाळीचे चौकीदार, त्यामुळे त्यांचं घोरणं सकाळच्या उन्हात सुरू व्हायचं. बुन्याचं मात्र केव्हाही, बसल्या बसल्या, कधी तर भाकर खाता खाता मध्येच. दोघांच्याही मागे जिनिंगच्या यंत्रांची घरघर असायची. आमचं घर जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागूनच, दिग्रसच्या त्या वस्तीतली बहुतेक घरं तशीच होती. कापूस यायला लागला की ती घरघर भिंतीतून यायची, जमिनीतून यायची, माठावरचं ताट बारीक थरथरत राहायचं. वीज गेली की सगळं एकदम थांबायचं आणि त्या शांततेनंच आम्ही दचकायचो. आज अमरावतीच्या वसतिगृहातल्या खोलीत बसून लिहिताना तो आवाज मला अजून ऐकू येतो. बाकीचं नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. आमच्या घरात असं काही लिहून ठेवायची सवय कोणालाच नव्हती.

आवाजाच्या बरोबरीनं रुई असायची, कापसाचे सुटे तंतू. बारीक, जिवंत असल्यासारखी तरंगत फिरणारी. विजेच्या तारांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, दाराच्या कडीवर ती बसायची. आई वरणाला फोडणी द्यायची आणि लगेच झाकण ठेवायची, तरी ताटात एखादा तंतू यायचाच. बाबा तो बोटानं बाजूला करून म्हणायचे, "शेठनं पगार कमी देल्ला तरी चालते, पन कापूस घरपोच पाठवते." आई आणि शेजारची शोभामावशी दोघी जिनिंगमध्येच कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस वेगळा वेचायला जायच्या. संध्याकाळी परत आल्या की त्यांच्या भुवया, पापण्या, कानामागचे केस सगळे पांढरे असायचे. दोघी नळावर उभ्या राहून एकमेकींची पाठ ओल्या फडक्यानं झटकायच्या आणि मगच घरात यायच्या.

बुन्या आला तो बाबांच्या सायकलच्या समोरच्या टोपलीत, पोत्यावर बसून. जिनिंगच्या शेठचं कुटुंब नागपूरला राहायला निघालं होतं. त्यांच्या नातवानं हौसेनं आणलेला हा कुत्रा तिथल्या फ्लॅटमध्ये नको झाला होता. घरच्या सूनबाईंनी बाबांना एवढंच सांगितलं, की नाव ब्रूनो आहे आणि याच्या डोळ्यांकडे जरा लक्ष ठेवा. चपटं काळं तोंड, नाकावर जाड घडी, बटाट्यासारखं अंग आणि बाहेर आलेले ते मोठे पाणीदार डोळे. असा कुत्रा आम्ही फक्त टीव्हीवरच्या जाहिरातीत पाहिला होता. शोभामावशी दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, हे कुत्रं हाय का माकड? याचं तोंड कोनं ठोकलं?"

"कोनी ठोकलं नाही," बाबा म्हणाले, "याची जातच तशी हाय."

आई आतून म्हणाली, "या घरात कोनाची जात काढाची नाही. आना त्याले इकडं."

ब्रूनोचा बुन्या त्याच संध्याकाळी झाला. पौर्णिमेला विहारात खीर असायची, तेव्हा आई एका वाटीत त्याच्यासाठीही घेऊन यायची. तो खीर खाताना नाक आत घालायचा, मग शिंकायचा, मग आमच्याकडे असा बघायचा की जणू आम्हीच काही केलं.

आता मला आईच्या हाताबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. जिनिंगमध्ये कोणाच्या डोळ्यात कचरा गेला की ती बाई दुसऱ्या कोणाकडे जायची नाही, माझ्या आईकडे यायची. आई तिला उजेडाकडे तोंड करून बसवायची. आपल्या पदराचं टोक दोन बोटांत पिळून त्याची वात करायची, ती ओठांत धरून ओली करायची, दुसऱ्या हातानं वरची पापणी उलटवायची आणि एका झटक्यात तंतू बाहेर. मग पदराचा गोळा करून त्यात तोंडानं गरम फुंकर भरायची आणि मिटल्या डोळ्यावर धरायची. ती बाई डोळे मिचकावत हसत उठायची. मी लहान असताना शाळेच्या सुट्टीत तिकडे गेले की हे बघत बसायचे. आईचे हात खरखरीत होते, कापसाच्या बोंडांनी चिरलेले, पण त्या वेळी ते फार हलके व्हायचे. कचरा काढून झाल्यावर ती तो तंतू बोटावर घेऊन त्या बाईला दाखवायची. "हे पाय, एवढंसं. अन् रडत कशी व्हतीस." ते ती सगळ्यांना म्हणायची.

बुन्याचे डोळे म्हणजे तर रुईला बसायला दिलेली जागाच. ते आत नव्हतेच, बाहेरच होते. शिवाय नाकावरच्या घडीचे केस डाव्या-उजव्या दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यात टोचायचे. संध्याकाळी आई कामावरून आली, हातपाय धुतले, चूल पेटवली की भाकरीचं पीठ मळायच्या आधी बुन्याला मांडीवर घ्यायची. पदराची वात, मग गरम फुंकर. तो अजिबात हलायचा नाही. मान तिच्या हातात टाकून घोरायला लागायचा. बाबांना कोणी नखं काढायला सांगितली तरी ते ओरडायचे, म्हणून आई त्यांना सुनवायची, "पाहा, याच्यापासून शिका काही. डोयात वात फिरवली तरी हूं नाही का चूं नाही. त्याले बरं वाट्टे."

आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं. त्याला आराम पडतो म्हणून तो गप्प बसतो. यात चूक शोधायला आमच्यापैकी कोणाला काही कारणच नव्हतं.

पहिल्यांदा त्याचा उजवा डोळा निळसर झाला, तेव्हा आम्ही त्याला गावातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे बैल, म्हशी, बकऱ्या. डॉक्टर भले होते. बुन्याला टेबलावर ठेवल्यावर ते स्वतःच हसले. "मी या तोंडाची जनावरं फार पाहिली नाहीत," म्हणाले. मलम दिलं. डोळा बरा झाला. मग पुन्हा झाला, पुन्हा मलम. हे असं वर्षभर चाललं. डोळा गळायचा, लाल व्हायचा, त्यावर पांढरा ठिपका यायचा, बरा व्हायचा, आणि दरवेळी त्यावर तपकिरी पडदा थोडा पुढे सरकायचा. शेवटी उजव्या बाजूला भिंत असली की बुन्या तिला धडकायला लागला. तो डोळा गेला होता. आई त्याची पाण्याची वाटी उचलून डाव्या बाजूला ठेवायला लागली.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजात गेलेली मी पहिली. वस्तीत कोणाच्या घरी वीजबिल चुकलं, कोणाचं आधार कार्ड अडलं, औषधाच्या चिठ्ठीवर काय लिहिलं ते कळेना, की मला बोलवायचे. मला बहुतेक वेळा कळायचं नाही आणि कळत नाही हे सांगायचीही लाज वाटायची. डोळ्याची आकृती मी वहीत काढली होती, पारपटल, बाहुली, भिंग, सगळ्यांना बाण आणि नावं. त्या आकृतीला चांगले गुण पडले होते. बुन्याच्या डोळ्यासमोर ती वही धरून मी एकदा खरंच बसले होते. आता ते आठवलं की हसू येत नाही. ते मी अगदी मनापासून करत होते.

मग एका सकाळी बुन्याचा डावा डोळा उघडेना. पापणीखालून पाणी गळत होतं आणि तो डोकं खाली घालून दाराच्या उंबऱ्याशी उभा होता. उंबरा ओलांडायचा कुठून, हे त्याला समजत नव्हतं. आईनं त्याला हाक मारली तर तो आवाजाच्या उलट दिशेला वळला. बाबा नुकतेच पाळीवरून आले होते. ते चहा न घेता तसेच उभे राहिले.

"यवतमाळले न्या याले," ते म्हणाले. "तिथं कुत्र्यायचे डॉक्टर हाय म्हन्ते. एक डोया गेला. दुसरा गेला तं हे जनावर करन काय?"

आईनं त्याला माझ्या जुन्या शालीत गुंडाळलं आणि आम्ही दोघी एसटीत बसलो. लहान बाळासारखा तो तिच्या खांद्यावर होता, तोंड पदराखाली. कंडक्टर तिकीट फाडत आमच्याजवळ आला तेव्हा बुन्या घोरायला लागला.

"मावशी, लेकराले सर्दी हाय काय?"

आई खोटं बोलू शकत नाही. तिनं पदर बाजूला केला. कंडक्टर मागे सरकला. पुढच्या सीटवरचे एक आजोबा वळून म्हणाले, "अरे बाप्पा, हे तं कुत्रं हाय." कंडक्टर म्हणाला की एसटीत कुत्रं चालत नाही, दारव्ह्याला उतरा. मागून कोणीतरी म्हणालं, बकऱ्या चालतात, कोंबड्या चालतात, मग यानंच काय केलं. कोणी म्हणालं, चावलं तर. आई म्हणाली, "त्याले दिसतच नाही तं चावन कोनाले?" आणि शाल थोडी उघडून तो मिटलेला, गळणारा डोळा दाखवला. कंडक्टरनं तो पाहिला आणि तिकिटाचं यंत्र दुसऱ्या हातात घेतलं. "मागच्या सीटवर जाऊन बसा. अन् तपासनीवाला चढला तं मले काही माहीत नाही." दारव्ह्याला आम्ही उतरलो नाही.

यवतमाळच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी बुन्याला टेबलावर ठेवलं, खोलीतला पंखा बंद केला आणि कापसाचा एक छोटा बोळा वरून त्याच्या नाकासमोर सोडला. का, ते मला कळेना. त्यांनीच सांगितलं, कापूस पडताना आवाज होत नाही, म्हणून डोळ्याला दिसलं तरच कुत्रा मान हलवतो. उजव्या बाजूला बोळा पडला, बुन्या हलला नाही. डाव्या बाजूला त्यांनी बोटांनी पापणी उघडून धरली आणि पुन्हा बोळा सोडला. त्याची मान किंचित खाली गेली. आईनं माझं मनगट धरलं होतं, ते तिनं सोडलं.

मग डॉक्टरांनी एक कागदाची पिवळी पट्टी ओली करून डोळ्याला लावली, खोलीत अंधार केला आणि छोट्या निळ्या दिव्याचा उजेड पाडला. डोळ्याच्या मधोमध हिरवा डाग चमकला. ती जखम होती. त्याच्या बाजूला तशाच हिरव्या बारीक रेघा होत्या, तिरप्या, एकाच दिशेच्या. डॉक्टर त्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"याचे डोळे कोण पुसतं?"

"मीच पुसते ना, मॅडम," आई म्हणाली. तिच्या आवाजात उत्साह होता. "रोज. एक दिवस चुकवत नाही. रुई लय जाते त्याच्या डोयात." आणि तिनं पदराचं टोक पिळून वात करून दाखवली, ती कशी ओली करायची, कशी फिरवायची. "आमच्याकडं साऱ्या बाया माह्याकडंच येतात."

डॉक्टरांनी दिवा विझवला. त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत, हे मला आजही बरं वाटतं. त्या म्हणाल्या, "मावशी, बायकांच्या डोळ्यातला कचरा तुम्ही काढता तेव्हा त्या ओरडतात ना? जोर जास्त झाला की त्या सांगतात. याच्या जातीच्या कुत्र्यांना डोळ्यावर तितकं लागत नाही. तिथली जाणीवच कमी असते. तुम्ही वात फिरवता तेव्हा पापण्यांचे केसही आत घासतात, कापडाचे धागेही घासतात, आणि हा गप्प बसतो. तुम्हाला वाटतं त्याला बरं वाटतंय."

 आईच्या बोटांत ती पदराची वात तशीच होती. ती तिनं हळूहळू उलगडली.

डॉक्टरांनी पुढचं मला सांगितलं, कारण आई ऐकत आहे की नाही ते कळत नव्हतं. मूळ दोष डोळ्यांच्या ठेवणीतच होता, असं त्या दोनदा म्हणाल्या. नाकावरची घडी काढायची, पापण्यांचा आतला कोपरा टाके घालून लहान करायचा, म्हणजे केस घासायचे थांबतील. तो उपाय केला नाही तर ही जखम भरेल आणि दुसरी होईल. डावा डोळाही उजव्यासारखाच जाईल. पण भुलीचा धोका होता. अशा तोंडाच्या कुत्र्यांचा श्वास भुलीत अडकू शकतो. आणि ऑपरेशननंतर टाके सुकेपर्यंत त्यानं डोळ्याला पंजा लावता कामा नये, आणि औषधाचे थेंब वेळच्या वेळी पडले पाहिजेत. एवढं जमेल का, त्यांनी विचारलं. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "सुजे, तूच सांग. मले यातलं काही समजत नाही."

असं ती त्याआधी कधी म्हणाली नव्हती.

ऑपरेशन दोन दिवसांनी झालं. बाबाही आले होते. आम्ही तिघं दवाखान्याबाहेरच्या कडुनिंबाखाली बसलो होतो आणि आईनं बांधून आणलेली भाकर आणि अंबाडीची भाजी कोणीच उघडली नाही. आतून काही आवाज येत नव्हता. बाबा मध्येच म्हणाले, "घोरनं ऐकू आलं तं बरं होईल." मग बऱ्याच वेळानं ते आलं, मोठं, ओलसर, खरबरीत, आणि बाबा उठून एकटेच रस्त्यापर्यंत चालत गेले आणि परत आले.

बुन्या घरी आला तो, पंजा डोळ्यापर्यंत पोचू नये म्हणून, गळ्यात प्लॅस्टिकचं मोठं नरसाळं घालून. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांना काळे टाके, नाक सुजलेलं. वस्तीतली पोरं जमली. शोभामावशी म्हणाली, "काय वं, याच्या गळ्यात छत्री बसोली का काय? कोनतं चॅनल धरते?" मी हसले, बाबाही हसले. आई चुलीपाशी पाठ करून बसली होती.

थेंब मी टाकायचे. सकाळी कॉलेजला जायच्या आधी, दुपारी धावत घरी येऊन, संध्याकाळी. आई त्या वेळी खोलीत नसायची. ती अंगणात जायची, नाहीतर नळावर. बुन्या तिच्या पायापाशी जाऊन बसला तर ती त्याला हात न लावता बाजूला सरकायची. नरसाळं जमिनीवर घासत तो तिच्या मागे मागे फिरायचा, आणि ती दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी राहायची. मी म्हटलं, "आई, नुसतं त्याला धर तरी." ती म्हणाली, "मले नको सांगू बाई. माह्या हातानं त्याचं जे झालं ते पुरे झालं."

जिनिंगमध्येही तसंच झालं, हे मला शोभामावशीनं सांगितलं. एक नवीन लग्न झालेली पोरगी डोळा चोळत आईपुढे येऊन बसली, तर आई म्हणाली, "नळावर जाय अन् पान्यानं धू." ती पोरगी वाट बघत बसून राहिली. आईनं कापूस वेचायला खाली मान घातली. शोभामावशी मला म्हणाली, "तुह्या मायच्या मनात काय भरलं? काहून अशी करून राह्यली ते?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या डोयायचं तं कधी वाईट नाही झालं बाई. सांगजो तिले." मी सांगितलं. आईनं ऐकलं आणि भाकर तव्यावर टाकली.

मला वाटायचं, मी शिकलेली आहे तर तिला समजावता आलं पाहिजे. जाणीव, पारपटल, पापणीचा दोष हे सगळं मला आता माहीत होतं. पण ते सांगायला लागलं की माझ्या बोलण्यात त्या डॉक्टरांचा सूर यायचा, आणि आईचा चेहरा त्या दिवशीसारखा व्हायचा. मग मी थांबायचे. आजही घरी फोन करताना मी असंच मध्ये थांबते. कोणतं वाक्य आपलं आणि कोणतं पुस्तकातलं, ते माझं मलाच कळत नाही.

माझ्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मात्र कोणी नव्हतं. बाबा महागावला आत्याकडे गेले होते, तिचे सासरे वारले होते. शोभामावशी कामावर. परीक्षा सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि फोन बाहेर ठेवावा लागायचा. मी आईला सुट्टी घ्यायला लावली. बाटली तिच्या हातात दिली नाही, तिनं घेतलीच नसती. फळीवर ठेवली. "दुपारी एक थेंब. फक्त वरून सोडायचा. बोट लावायचं नाही, कापड लावायचं नाही. शोभामावशीला सुट्टी झाली की तिला बोलव वाटलं तर." आई म्हणाली, "तू जाय. पेपर बिघडवू नको." डोळ्यातली जखम तेव्हा भरत आली होती, पण पूर्ण नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं की याच दिवसांत सांभाळायचं, आता पंजा लागला तर सगळं केलेलं वाया जाईल.

परीक्षेत मला पेशी नीट दिसल्या, असं आठवतं. सूक्ष्मदर्शकातून बघताना एक डोळा मिटायचा असतो. मी तो मिटला आणि मग उघडायला नको वाटलं.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी पोहोचले तेव्हाच काहीतरी वेगळं जाणवलं. आमच्या घराची चूल पेटलेली नव्हती. दार सताड उघडं होतं. अंगणात आई भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून, आणि तिच्या मांडीवर बुन्या, तोंड वर करून. नरसाळं पाण्याच्या ड्रमपाशी पडलं होतं, मधोमध फुटून दोन तुकडे झालेलं. बुन्याचे पुढचे दोन्ही पंजे आईच्या दोन्ही मुठींत होते.

"काय झालं?"

"ड्रमले धडकलं ते. उजव्या बाजूनं," आई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "फुटलं तसं लगेच डोयाकडं पाय नेला त्यानं. मी पकडले."

"केव्हा?"

"तू गेली त्याच्यानंतर. भाकर टाकाची व्हती."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या गाठी पांढऱ्या पडल्या होत्या. तिच्या मनगटावर बुन्याच्या मागच्या पायांनी ओरखडे काढले होते, त्यांतलं रक्त सुकलं होतं. बाजूला भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या तसाच होता, तिच्या हाताच्या अंतरावर. ती दिवसभर पाणी प्यायली नव्हती, कारण एक हात सोडला असता तर एक पंजा मोकळा झाला असता. हाक मारून कोणाला बोलवावं, तर गल्लीतली माणसं कामावर, आणि जिनिंगच्या आवाजात तिची हाक भिंतीपलीकडे गेली नसती. ती नुसती बसून राहिली होती. बुन्या घोरत होता. डोळ्याला काही लागलेलं नव्हतं, मी वाकून, दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं. टाके जागेवर होते.

"औषध टाकलं?"

"कायनं टाकू? दोन्ही हात गुंतले."

मी फळीवरून बाटली आणली. नेहमीसारखी झाकण काढून मीच टाकणार होते. मग काय वाटलं माहीत नाही. मी तिच्यासमोर बसले आणि बुन्याचे पंजे तिच्या मुठींतून माझ्या हातांत घेतले, एक-एक करून. तिची बोटं लगेच सरळ झाली नाहीत. मी म्हटलं, "आई, आता माझे हात गुंतले."

तिला ते कळलं. ती माझ्याकडे रागानं बघत राहिली. बाटली आमच्या दोघींच्या मध्ये जमिनीवर होती.

"सुजे, हे बरं नाही करून राह्यली तू."

"दुपारचा चुकला आहे. आणखी उशीर नको."

"माह्या हाताले थरथर सुटली हाय. पाय."

"सुटू दे. वरून सोडायचा आहे फक्त. लागणार नाही त्याला."

तिनं बाटली उचलली. पदराला हात पुसले, मग थांबली, उठून नळावर गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, ओलेच वर धरून आली. डॉक्टरांना तिनं तसं करताना पाहिलं होतं. ती बसली आणि बाटली उलटी केली. पहिला थेंब बुन्याच्या नाकावर पडला, त्यानं तो जीभ काढून चाटला. दुसरा कानाजवळ गेला.  तिनं डावा हात उजव्या मनगटाखाली आधाराला धरला, मोठ्या सुईत दोरा ओवताना धरतात तसा, आणि श्वास रोखून बाटली अगदी थोडी दाबली.

थेंब डोळ्यावर पडला. त्या मोठ्या काळ्या डोळ्यावर तो क्षणभर गोल उभा राहिला, मग पसरला. बुन्यानं पापण्या मिटल्या, उघडल्या. मान वळवून त्यानं आईकडे पाहिलं.

"गेला का आत?" तिनं विचारलं.

"गेला."

"त्याले लागलं तं नाही?"

 त्याला लागत नव्हतं, हीच तर सगळी अडचण होती. मी म्हटलं, "नाही लागलं."

आईनं बाटलीचं झाकण लावलं. लावून पुन्हा काढलं, पुन्हा नीट घट्ट लावलं. "आता रात्रीचा कवा टाकाचा," ती म्हणाली, "ते सांगून ठेव मले."